पडल्या जागेचं देणं

वाळवंटात हवाई दलाचं विमान पडतं. गाड्या येतात, मोठे तुकडे उचलून नेतात, चौकशी होते आणि पहारा उठतो. राहिलेलं वाळू पोटात घेते. मग बऱ्याच वर्षांनी कोणी तरी हिंडत तिथं पोचतं आणि वाऱ्यानं उघडा पाडलेला एक तुकडा त्याच्या बुटाला लागतो. तो तुकडा आता कोणाचा? सरकारचा, वैमानिकाच्या घरच्यांचा, वाळवंटाचा, की ज्याला सापडला त्याचा? त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की जिथं माणूस मेला तिथं नुसतं बघायला जाणं बरोबर आहे का?

हा प्रश्न आमच्या घरी थेट टीव्हीच्या कपाटावर येऊन बसला. माझा पुतण्या जैसलमेरकडे सौरऊर्जेच्या एका प्रकल्पावर नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो तिथल्या एका उंटवाल्याबरोबर लांबवर गेला. ‘इथं फार पूर्वी जहाज पडलं होतं,’ असं म्हणत उंटवाल्यानं जागा दाखवली. तिकडे विमानालाही जहाजच म्हणतात. पुतण्या नारळी पौर्णिमेला घरी आला तेव्हा रुमालात गुंडाळून एक पट्टी घेऊन आला.

वीतभर लांब, तीन बोटं रुंद ॲल्युमिनियम. एका अंगाला हिरवट-पिवळा पातळ रंग, विमानाचा पत्रा आतून गंजू नये म्हणून देतात तो. दुसरं अंग वाळूनं घासून पांढुरकं झालेलं. मधून रिव्हेटांची रांग, सारख्या अंतरावर. टोकाची दोन भोकं मात्र गोल राहिली नव्हती, एका बाजूला ओढली जाऊन लांबुळकी झाली होती. कोपऱ्यात ठशानं उठवलेले काही आकडे, शेवटचा आकडा अर्ध्यात फाटलेला.

वहिनी म्हणाली, ‘आधी घराबाहेर काढ. मेलेल्याची वस्तू आहे. नाहीतर आपल्या वरळीच्या गोलफादेवीला कौल लावू, आई काय म्हणते बघू.’ दादा म्हणाला, ‘सरकारी माल आहे, उद्या पोलीस आले तर?’ पुतण्या हसला. ‘आत्या, तू मास्तरीण होतीस, तूच सांग. आत्मा गेला, देह गेला. राहिलं ते ॲल्युमिनियम. भंगारात किलोवर जातं ते. ह्यात पवित्र काय आणि अपवित्र काय?’

मी महापालिकेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी उद्यावर ढकलला असता. इथं तसं करता येईना, कारण हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आलेला नव्हता.

१ जानेवारी १९७८, रविवार. रात्री पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर. आत २१३ माणसं होती. एकही वाचलं नाही. एअर इंडियाचं हे पहिलं जंबो जेट. मी तेव्हा शाळेत होते. त्या रात्री बंदरावर पेट्रोमॅक्स घेऊन उभी असलेली माणसं आणि पुढचे कित्येक दिवस नौदलाच्या बोटींच्या फेऱ्या मला आठवतात. आमच्या वरळीच्या कोळीवाड्यात पहिली बोलवा बॉम्बची होती.

माझे बाबा मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. तेव्हा जीपीएस नव्हतं. दर्यातली जागा लक्षात ठेवायची तर जमिनीवरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत आणायच्या. माउंट मेरीचे मनोरे अमुक झाडाच्या डोक्यावर आले की एक रेषा. वरळीच्या किल्ल्यामागे गिरणीचं ठरावीक धुराडं आलं की दुसरी. दोन रेषा जिथं छेदतात तिथं होडी. खडप कुठं आहे, जाळं कुठं फाटतं, बोंबील कुठं लागतो, हे सगळं अशा रेषांनी बाबांच्या डोक्यात होतं. विमान पडलं त्या जागेचीही अशीच एक खूण त्यांनी बांधून ठेवली. तिथं पाण्याची खोली जेमतेम दहा मीटर. मोठे अवशेष नौदलानं काढले, पण सगळं थोडंच निघतं? त्या हंगामात वांद्र्याच्या बाजूला गेलेल्या कोणाच्या ना कोणाच्या जाळ्यात काही तरी यायचंच. बाबांच्या जाळ्यात एकदा खुर्चीच्या सांगाड्याचा तुकडा आला, त्याला कापडाची चिंधी लागलेली. जाळं पार फाटलं होतं. बाबांनी तो तुकडा होडीच्या नाळेत वेगळा ठेवला, मासळीला लागू दिला नाही. बंदरावर आल्यावर जाळं विणायला बसण्याआधी ते पोलीस चौकीत गेले. तिथल्या माणसानं ‘हे कशाला आणलंत?’ म्हणून आधी हाकललं, मग कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. बाबांना लिहिता येत नव्हतं. जागा त्यांनी आपल्या रेषांत सांगितली, लिहिणाऱ्यानं ‘वांद्र्यासमोर’ एवढंच लिहिलं.

आमच्या काकांना बाबा म्हणाले होते, ‘तिकरं जाल नको टाकू. तिकरं मानसां हान.’ माणसं होती असं नाही म्हणाले. आहेत, असं म्हणाले.

वाळवंट आणि दर्या यांचं एका बाबतीत जमतं. दोघांच्या अंगावर खूण टिकत नाही. डोंगरावर पडलं तर खाच राहते, शेतात पडलं तर खड्डा राहतो. २०२४च्या ४ जूनला, निवडणुकीचा निकाल लागत होता त्याच दिवशी, निफाड तालुक्यातल्या शिरसगावात सुखोई-३० कोसळलं. दोन्ही वैमानिक पॅराशूटनं सुखरूप उतरले. शेतात गावकऱ्यांची गर्दी झाली. ते शेत कोणाचं, हे सात-बाऱ्यावर लिहिलेलं आहे. त्या मालकाची नुकसानभरपाई होईल आणि जागा पुन्हा पिकाखाली येईल. वाळूला आणि पाण्याला सातबारा नाही. तिथं खूण ठेवायची तर ती माणसालाच आपल्या डोक्यात किंवा दुसरीकडे कुठं तरी ठेवावी लागते.

आपल्या पूर्वजांनीही तेच केलं. बोरिवलीच्या एक्सरला वीरगळ आहेत. दगडांवर गलबतांच्या रांगा कोरल्या आहेत, वल्ही मारणारे आहेत, लढणारे आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. मेले ते पाण्यात, दगड मात्र उभा राहिला जमिनीवर. जागा आणि आठवण यांची फारकत करणं आपल्याला आठशे वर्षांपूर्वीही जमत होतं.

पण पुतण्याचा मूळ मुद्दा राहतोच, आणि तो हलका नाही. देह हे जुनं वस्त्र, टाकून द्यायचं, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून कानावर असते. आपण दहन करतो, राख पाण्यात सोडतो, मागे काही ठेवत नाही. ज्या परंपरेनं देहाचीच राख सोडून दिली, तिनं विमानाच्या पत्र्याला कवटाळून का बसावं?

वरळीच्या किनाऱ्यावरून नजर फिरवली तर या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं दिसतात. दक्षिणेला हाजी अली, पाण्यातच उभा असलेला दर्गा. त्या अवलियाची शवपेटी समुद्रातून वाहत येऊन तिथं लागली, असं भाविक सांगतात. उत्तरेला दादरची चैत्यभूमी. बाबासाहेबांच्या देहावर ७ डिसेंबर १९५६ रोजी तिथं अग्निसंस्कार झाले आणि त्यांच्या अस्थींवर स्तूप उभा राहिला. स्तुपाची ही रीत मुंबईला नवी नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा आत अस्थिपात्रांची पेटी निघाली. ती एशियाटिक सोसायटीकडे आहे. मलबार हिलवर पारशांची डोंगरवाडी, जिथं देह ना जाळायचा ना पुरायचा. खाडीपलीकडे माउंट मेरी आणि तिच्या आसपासची ख्रिस्ती कबरस्तानं. एवढ्याशा किनाऱ्यावर देहाचं काय करायचं याबद्दल एकमत नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे : मृताला तसंच टाकून द्यायचं नाही. काही तरी करायचं, आणि ते जिवंतांनी करायचं.

आणि ज्या धर्माच्या नावानं पुतण्या बोलत होता, त्यानं देह न सापडण्याचा प्रश्न सोडून दिलेला नाही. उलट त्यासाठी वेगळा विधी बांधून ठेवला आहे. देह मिळालाच नाही तर पालाशविधी करायचा. पळसाच्या ३६० देठांचा पुतळा, अमुक देठ डोक्याला, अमुक हाताला, अमुक पायाला. गरुडपुराणात हा हिशेब दिलेला आहे. डोक्याच्या जागी नारळ. मग त्या पुतळ्याला अग्नी. देह खरोखरच टाकाऊ वस्त्र असता तर कोणी पळसाचे देठ मोजत बसलं असतं का? मला यात असं दिसतं, की तत्त्वज्ञान आत्म्याबद्दल बोलतं आणि विधी मागे राहिलेल्यांबद्दल. आत्म्याला पुतळा लागत नसेल. बायकोला लागतो. आईला लागतो.

कोळीवाड्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ला ‘फयान’ वादळ आलं, आणि कोकण किनाऱ्यावरच्या काही होड्या परत आल्या नाहीत. अशा घरी नुसतं दुःख नसतं, हिशेब अडून बसतात. १८७२च्या साक्ष कायद्याच्या कलम १०८नं सांगितलं होतं, की सात वर्षं माणसाची खबर नसेल तर तो मेला असं धरता येईल. जुन्या रीतीत बारा वर्षं वाट पाहायची. तोवर बाई सवाष्ण की विधवा? विम्याचे पैसे मिळणार की नाही? होडी कोणाच्या नावावर? अशा वेळी जाळ्यात आलेली एक लुंगी, होडीच्या फळीवरचा रंगवलेला अर्धा नंबर, एवढ्यानंही घराचा निकाल लागतो. वस्तू म्हणून तिला भंगारातही किंमत नसते. तिच्यावर कोणाची तरी सात वर्षं अडकलेली असतात, ही तिची किंमत.

हे ध्यानात घेतलं तर बघायला जाणं पाप की पुण्य, हा प्रश्न जरा बदलतो. कोणी बघायला गेलंच नसतं तर काय झालं असतं? ७ फेब्रुवारी १९६८ला हवाई दलाचं ए.एन.-१२ विमान १०२ माणसांसह रोहतांगच्या डोंगरात बेपत्ता झालं. २००३ साली गिर्यारोहकांच्या एका पथकाला तिथं अवशेष दिसले म्हणून पुढचा शोध सुरू झाला. २०२४च्या सप्टेंबरात आणखी देह मिळाले, आणि काही जवानांवर त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले. मध्ये ५६ वर्षं गेली होती. २२ जुलै २०१६ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं ए.एन.-३२ बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. आत २९ जण. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल तळावर एका स्वयंचलित यंत्रानं टिपलेल्या छायाचित्रांत त्याचे तुकडे ओळखू आले. आपल्याच बाजूच्या समुद्रात २६ नोव्हेंबर २०२०ला नौदलाचं मिग-२९के पडलं. एक वैमानिक वाचला. दुसरे, कमांडर निशांत सिंग, यांचा देह गोव्याच्या किनाऱ्यापासून तीसेक मैलांवर, ७० मीटर खोलीवर, अकरा दिवसांनी मिळाला. या प्रत्येक वेळी कोणी तरी बघायला गेलं, पुन्हा गेलं, म्हणून एखाद्या घराला उत्तर मिळालं.

महाभारतात युद्ध संपतं तेव्हा स्त्रीपर्वात युधिष्ठिर एक आज्ञा देतो. रणावर पडलेल्या राजांचीच नव्हे, तर लांबच्या देशांतून आलेल्या, ज्यांचं तिथं कोणी नाही अशा योद्ध्यांचीही उत्तरक्रिया व्हावी. विदुर, संजय, धौम्य अशा खुद्द घरच्या माणसांकडे तो हे काम सोपवतो. जिंकलेल्या राजाचं पहिलं काम हे. आपल्या तर्पणातही बापआजे झाले की ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही त्यांच्यासाठी एक ओंजळ असते. अनोळखी मृताचं आपल्यावर देणं आहे, ही कल्पना बाहेरून आलेली नाही.

मग ते देणं नेमकं काय? तैत्तिरीय संहिता तीन ऋणं सांगते : देवांचं, ऋषींचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मण चौथं जोडतं, माणसांचं. विमान पडल्या जागी मला यातली दोन स्पष्ट दिसतात. माणसांचं ऋण म्हणजे मृताचं नाव त्याच्या माणसांपर्यंत पोचवणं. ऋषिऋण शिकून फेडायचं असतं, म्हणजे इथं कारण शोधणं. शास्त्रीमंडळी हा अर्थ मान्य करतील की नाही कोण जाणे. पण ‘सम्राट अशोक’चं पुढं काय झालं ते पाहिलं तर दुसरा अर्थ मला सुचत नाही.

बॉम्ब नव्हता. पाण्यातून काढलेल्या अवशेषांनी आणि यंत्रांवरच्या नोंदींनी ते दाखवलं. उड्डाण करून विमानानं उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं, विमान किती कललं आहे ते दाखवणारं यंत्र उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. पुढे काळोखा समुद्र, क्षितिज नाही. त्यांनी डोळ्यांसमोरच्या यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं, आणि ते जवळपास उलटं होऊन पाण्यात गेलं. उड्डाणापासून १०१ सेकंदांत. इतर यंत्रं खरं सांगत होती, पण ती पडताळायला वेळ पुरला नाही. एक यंत्र खोटं बोलू लागलं तर बाकीच्यांना विचारा, हा धडा वैमानिकांना आजही गिरवावा लागतो. तो जिवंत ठेवणाऱ्या मोजक्या दुर्घटनांत आमच्या वांद्र्यासमोरची ही एक आहे. ज्यांनी गाळातून ती यंत्रं काढली त्यांनी मंत्र म्हटले नसतील. तरी २१३ जणांचं एवढं मोठं श्राद्ध दुसरं कोणतं झालं असेल असं मला वाटत नाही.

पुतण्याच्या पट्टीवरची ती दोन लांबुळकी भोकं मी त्याला भिंगातून दाखवली ती याच कारणानं. जाणता माणूस अशा भोकांवरून सांगू शकतो की पत्रा कुठल्या बाजूला ओढला गेला, हवेतच फाटला की जमिनीवर आपटून. ठशाच्या आकड्यांवरून भाग कुठला ते कळू शकतं. ती पट्टी जागेवर असती तर तिच्या शेजारी काय पडलं होतं, हेही कळलं असतं. उचलल्याबरोबर तिची अर्धी साक्ष पुसली गेली. माझं म्हणणं भूतबाधेचं नव्हतं. उचलून आणण्यात चूक असलीच तर ती साक्षीदाराला कोर्टातून उठवून घरी आणण्याची आहे.

त्यानं विचारलं, ‘मग बघणाऱ्यानं काहीच न्यायचं नाही? माणूस एवढा लांब उगाच जातो?’

या प्रश्नाला मोठ्या वाळवंटाची एक गोष्ट उत्तर म्हणून पुरते. ४ एप्रिल १९४३ला ‘लेडी बी गुड’ नावाचं अमेरिकन बॉम्बफेकी विमान नेपल्सवरच्या मोहिमेवरून लिबियातल्या तळाकडे परतत होतं. रात्रीच्या अंधारात ते तळ ओलांडून सहारात खोल गेलं. इंधन संपत आलं तेव्हा नऊही जणांनी उड्या टाकल्या. खाली समुद्र जवळ असेल असा त्यांचा समज होता. त्यांच्यातले आठ जण उत्तरेकडे चालत राहिले. जवळ पाणी जेमतेम होतं, तरी शंभराहून अधिक किलोमीटर चालले. विमान १९५८ साली तेल शोधणाऱ्यांना आकाशातून दिसलं, वाळूत जवळजवळ आडवं बसलेलं. १९६० साली आठ देह मिळाले, नववा कधीच नाही. एकाच्या खिशातल्या रोजनिशीत रोजच्या चालण्याच्या नोंदी होत्या. त्या रोजनिशीमुळे त्या माणसांचे शेवटचे दिवस त्यांच्या घरी पोचले. आणि त्याच विमानाचे भाग लोकांनी आठवण म्हणून काढून काढून नेले, इतके की पुढं उरलेला सांगाडा हलवून ठेवावा लागला. एकाच जागी दोन तऱ्हेचे शोधणारे गेले. उत्सुकता दोघांनाही होती. फरक एवढाच, की एकाच्या हातातली वस्तू तिच्या माणसाकडे निघाली होती आणि दुसऱ्याच्या हातातली कपाटाकडे.

उत्सुकतेला मी दोष देत नाही. उत्सुकता नसती तर रोहतांगचं काहीच कळलं नसतं. २४ जानेवारी १९६६ला होमी भाभांना घेऊन निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ मों ब्लांवर आदळलं. ११७ जण गेले. तिथली हिमनदी अजून थोडं थोडं खाली सोडते. २०१२ साली भारताच्या परराष्ट्र खात्याची एक टपालाची थैली निघाली, ती आपल्या दूतावासाकडे आली. २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, माणकं, नीलम यांनी भरलेली पेटी मिळाली. ती एअर इंडियाच्याच विमानातली असावी असं मानलं गेलं. तो खाली उतरला आणि पेटी पोलिसांकडे दिली. वारसांचा शोध झाला. आठ वर्षांनी, २०२१मध्ये, अर्धी रत्नं त्याला आणि अर्धी शामोनीच्या गावाला मिळाली. त्यानं ती पेटी ठेवून घेतली असती तर त्याच्याकडे रत्नं दुप्पट असती, पण एकही कोणाला दाखवता आलं नसतं.

पुतण्यानं शेवटी पट्टीचा फोटो काढला, आकडे लिहून घेतले, जागेचे अक्षांश-रेखांश काढले, आणि सुट्टी संपवून परत जाताना ती बरोबर नेली. तिथल्या पोलीस ठाण्यात ती जमा केल्याचं त्यानं कळवलं. त्याला आपल्या आजोबांसारखं ‘कशाला आणलंत?’ ऐकावं लागलं की नाही, ते मी विचारलं नाही. वहिनीचं समाधान झालं, दादाचंही. माझं पूर्ण झालं नाही, कारण एक गोष्ट अजून सुटत नव्हती : हे देणं संपतं कधी?

जागा एकदा पवित्र झाली की कायमची पवित्र, असं मानलं तर आपला सगळा किनारा बंद करावा लागेल. या पाण्यात किती पिढ्यांची माणसं बुडाली आहेत. मासळी काढायची कुठं? आणि काही वर्षांनी सगळं आपोआप नुसतं पत्रा होतं असं मानलं, तर रोहतांगच्या बर्फातल्या जवानाला ५६ वर्षांनी घरी आणणं वेडेपणा ठरेल.

याचं उत्तर मला ग्रंथात मिळालं नाही, बाबांच्या वागण्यात मिळालं. त्या दोन रेषांच्या छेदावर ते वर्षानुवर्षं जाळं टाकत नव्हते. दरम्यान चौकशी संपली, कारण कळलं, अमेरिकेतल्या न्यायालयात यंत्र बनवणाऱ्यांवर आणि बोइंगवर चाललेला खटलाही १९८५ साली निकालात निघाला. पुढं एका हंगामात बाबांनी तिथं जाळं टाकलं. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘बारा वर्सां जाली. आता कोन इचाराला येनार हाय?’ बेफिकिरी म्हणावी तर त्यांनी बारा वर्षं तोटा सोसला होता. त्यांनी मुदत मोजली होती. हरवलेल्या माणसासाठी घरचे जेवढं थांबतात, तेवढं ते परक्यांसाठी थांबले होते. आणि त्यानंतरही तिथून काही वर आलंच असतं, तर ते पुन्हा चौकीची पायरी चढले असते, याबद्दल मला शंका नाही. जागा मोकळी झाली होती. वस्तू सापडली तर तिचं देणं तेव्हा नव्यानं सुरू झालं असतं.

म्हणून मी आता असं म्हणते, की पवित्रपणा धातूत नसतो आणि जागेतही नसतो. तो विचारायला येऊ शकणाऱ्या माणसात असतो. जोवर कोणी आई, कोणी मुलगा, कोणी नवा वैमानिक ‘काय झालं होतं?’ असं विचारू शकतो, तोवर त्या तुकड्यावर त्याचा हक्क आहे, आणि ज्याच्या हाती तो तुकडा लागला तो त्याचा राखणदार आहे, मालक नाही. विचारणारं कोणी उरलं नाही की तो तुकडा इतिहासाचा होतो, मग तो संग्रहालयात ठेवा नाहीतर वाळूत राहू द्या. माणूस गेल्यावर मुदत कोणी मोजायची हा वाद मात्र राहील. माझं मत असं, की ती ज्याला वस्तू सापडली त्यानं मोजू नये. ज्याचं माणूस गेलं त्यानं मोजावी, आणि तो कोण हे ठाऊक नसेल तर आपण बारा वर्षं धरून चालावं.

तेव्हा वाळवंटात जा, बघा, फोटो काढा, उंटवाल्याची गोष्ट ऐका. जागा नीट लिहून घ्या, दोन रेषांनी लिहा नाहीतर उपग्रहाच्या आकड्यांनी. काही दिसलं तर आधी कळवा आणि हात नंतर लावा. माझ्या पुतण्याच्या पिढीकडे बाबांपेक्षा कितीतरी चांगली साधनं आहेत. चौकीतला माणूस ‘वांद्र्यासमोर’ एवढंच लिहून मोकळा झाला, तसं आता व्हायला नको.